वाकड्या करंगळीच्या बाई

फिरत्या बाईंना दयाळू माणसं अजिबात खपत नसत. कंजूष चालत, तोंडाळ चालत, बाजेवर आडवा झालेला पिऊन तर्र ट्रक ड्रायव्हर तर फारच चाले, कारण तो कोणाच्या मधे येत नाही. पण एखाद्याचे डोळे भरून आले, की बाईंच्या वरच्या ओठाची डावी कड उचलली जाई आणि नाकातून एक बारीक आवाज येई. "हं." एवढंच. माझा धंदा मंडप आणि साउंड सर्व्हिसचा. पुढाऱ्यांपासून कीर्तनकारांपर्यंत कितीतरी आवाज मी मोठे करून दिलेत. पण एका अक्षरात समोरच्याची सगळी उतरवून ठेवणारा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

हा आवाज मला पहिल्यांदा देविदासच्या धाब्यावर ऐकायला मिळाला. कारंज्याला हायवेवर त्याचा धाबा आणि त्याला चिकटून माझं गोडाऊन. नागपूरहून अमरावतीकडे निघालेली एक गाडी जेवायला थांबली होती. गाडीतल्या मॅडमना मागच्या बाजेवर बसलेली सोनू दिसली. देविदासची ही मुलगी जन्मापासून ना पाहू शकते, ना ऐकू शकते. मॅडम पर्स सांभाळत गेल्या, "किती गोड, बिचारी" म्हणाल्या आणि त्यांनी मागून तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सोनू दचकून एवढी किंचाळली की तंदूरवाल्याच्या हातातली रोटी खाली पडली. शेजारी बसलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही न्हाणीघरात असताना मागून कोणी डोक्यावर हात ठेवला तर?"

"अहो, मी तर माया केली."

"करा ना. पण आधी कडी वाजवा."

मॅडमनी डोळ्यांवर गॉगल चढवला. बाई म्हणाल्या, "हं." मी गोडाऊनच्या दारात उभा होतो. मनात म्हटलं, ही बाई आपल्या गावात टिकत नाही. आमचं गाव भयंकर दयाळू आहे.

बाईंची नोकरी कराराची. तालुक्यातल्या ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही किंवा चालता येत नाही, त्यांच्या दारी फिरून त्यांना शिकवायचं. म्हणून त्या फिरत्या बाई. त्यांचं नाव कधी कोणी विचारलं नाही. आडनाव मात्र सगळ्यांनी पहिल्या दिवशीच विचारून घेतलं. बाई पुलगावच्या, बौद्ध, वडील तिथल्या मिलमध्ये होते. कारंज्यात एक खोली घेऊन राहत आणि स्कूटीवर फिरत. धाब्यावर आल्या की पुढचं चाक ओट्याच्या पायरीला हलकेच टेकवत. तो एवढासा धक्का ओट्यावर बसलेल्या सोनूच्या तळपायांना कळे. बाईंच्या डाव्या हाताची करंगळी लहानपणी मोडून वाकडीच जुळलेली होती. सोनू ती करंगळी शोधायची आणि आपली तिच्यात अडकवायची. तिच्या भाषेत हे बाईंचं नाव. शाळेत करंगळी वर केली की पोराला कुठं जायचं असतं हे जगाला ठाऊक आहे. त्यामुळे धाब्यावरची मंडळी काही दिवस फार हसली. बाईंनी हसू दिलं. म्हणाल्या, "हसा. निदान हसताना तुम्ही रडत नाही."

बाई येण्याआधी सोनूचं काय चालायचं, तेही सांगतो. ती हायवेवर जाऊ नये म्हणून मऊ साडीच्या पट्टीनं तिचा पाय बाजेला बांधलेला असायचा. तिची आई वैशाली घास भरवायची आणि डोळे पुसायची. देविदास लांबूनच पाहायचा. येणारे-जाणारे डोक्यावर हात ठेवायचे, सोनू चावायची, मग ते लांबून हात जोडायचे. देवाच्या मर्जीचे हवाले तर एवढे दिले जायचे की देवालाही ऐकून कंटाळा आला असेल. कोणाच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली नाही: या पोरीला अजून कोणी काही म्हणालेलंच नाही. आम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होतो. मी तर गणपतीत माईकवरून तिच्यासाठी प्रार्थना करवली होती. चांगली दणदणीत झाली. जिच्यासाठी केली, ती गोडाऊनमध्ये माझ्या मोठ्या स्पीकर बॉक्सला पोट लावून बसली होती. तिला प्रार्थनेतला फक्त ढोल पोचला आणि तो तिला आवडला.

बाईंनी आल्याआल्या पायाची पट्टी सोडली. मग सोनूच्या हाताखाली आपला हात उताणा ठेवला आणि बसल्या. दुसऱ्या दिवशी आल्या, बसल्या. असे कित्येक दिवस गेले. मला राहवलं नाही.

"बाई, काय शिकवून राह्यले तुम्ही?"

"बसायला."

"तिले बसता येतेच ना."

"तिले येते, भाऊ. तुम्हाले शिकवून राह्यले. तोंड बंद ठेवून बसायचं."

मी जन्मात तोंड बंद ठेवून बसलेलो नाही. पण त्या दिवशी थोडा वेळ बसलो आणि मग माझ्या लक्षात आलं, की बाई बसलेल्या नाहीतच. सोनूचा हात त्यांच्या हातावर आहे, आणि त्यांचा हात काय काय करतोय ते सगळं वरच्या हाताला कळतंय. त्या पदर सारखा करत, तरी सोनूचा हात सोबत. पाण्याचा गडवा उचलत, तरी सोबत. कधी पकडायचं नाही, कधी ओढायचं नाही. वाटलं तर तिनं यावं, नको तर हात काढून घ्यावा. एके दिवशी त्यांनी असाच हात सोबत घेऊन तंदूरवाल्यापुढे कणकेचा गोळा थापला. थाप, थाप, थाप. गरम रोटीचा तुकडा सोनूच्या हातात दिला. पुन्हा थाप, पुन्हा तुकडा. तिसऱ्या खेपेला तुकडा दिलाच नाही, नुसत्या बसून राहिल्या. सोनूनं वाट पाहिली, वाट पाहिली, आणि शेवटी बाईंच्या हातावर स्वतः थापट्या मारल्या. रोटी पाहिजे.

वैशाली मोठ्यानं रडू लागली. देविदासनं गिऱ्हाईक सोडून हात जोडले. मी म्हणालो, चमत्कार. बाईंनी आम्हा तिघांकडे नजर फिरवली आणि ओठाची कड उचलली.

"रोटी द्या तिले आधी. मागून राह्यली ना."

मग शब्द येत गेले. हनुवटीवर अंगठा म्हणजे पाणी. तळहातावरून तळहात पुसायचा म्हणजे संपलं. ही खूण धाब्याचीच, रोट्यांची टोपली रिकामी झाली की तंदूरवाला लांबून अशीच करतो. माणसांनाही नावं मिळाली, आणि ती सोनूनं दिली. देविदास म्हणजे मिशा, वैशाली म्हणजे बांगड्या. माझं नाव पोट. तालुकाभर माझी ओळख आवाजासाठी, आणि हिच्या लेखी मी म्हणजे एक पोट. मी तक्रार केली तेव्हा बाई म्हणाल्या, "तिले जे जाणवलं ते ठेवलं. तिच्यात अजून खुशामत आली नाही."

या नावांच्या पायीच मोठ्या आईची पंचाईत झाली. मोठी आई म्हणजे देविदासच्या थोरल्या भावाची विधवा. धाब्याचा कांदा-मसाला तिच्या हातात आणि सगळा धाबा तिच्या धाकात. बाई आल्यापासून ती सगळ्यांना कपातून चहा देई आणि बाईंना ड्रायव्हर लोकांसाठी आणलेल्या कागदी पेल्यातून. बाई चहा पीत आणि रिकामा पेला न बोलता तिच्याच हातात देत. पेला घेताना बोटाला बोट लागू नये म्हणून मोठी आई ज्या कसरती करी, त्या सर्कशीत चालल्या असत्या. एक दिवस तिला कळलं की सोनूनं माझ्या पोटालासुद्धा नाव दिलंय, पण तिला नाही.

"काऊन व बाई, माहं नाव काऊन नाई तिच्याजवळ?"

"तुम्ही हात कुठं दिला तिले?"

"मले ते खुणा येत नाई न."

"मी शिकवते. पण माहा हात धरा लागते. मी तुमच्या हाताखाली हात ठेवन, तुमच्या हातावर तिचा. नसन धरायचा त राहू द्या. कागदी पेल्यातून काही ते शिकता येत नाई."

तंदूरवाला रोटी विसरला. मी वायर गुंडाळणं थांबवलं. मोठी आई आत गेली, कांदे चिरू लागली, एक अख्खी परात चिरली. मग हात धुतले, पदराला पुसले, बाहेर आली आणि बाईंच्या हातावर आपला हात ठेवला. सोनूनं वरून चाचपला. कांदे चिरून चिरून तिच्या अंगठ्याला पडलेला घट्टा तिला सापडला. तो तिनं घासून पाहिला, पुन्हा घासला. झालं, मोठ्या आईचं नाव अंगठा. दुसऱ्या दिवशी बाईंचा चहा कपातून आला.

पण आमचं गाव एका जागी थांबेल तर शपथ. बाईंनी मुक्याला वाचा दिली असं पसरलं, आणि लोक बाईंच्या पाया पडायला येऊ लागले. धाब्यावर येऊन पडत, रस्त्यात स्कूटी थांबवून पडत. काल आडनाव विचारणारे आज देवी म्हणत. बाई पाय मागे घेऊन म्हणत, "काकाजी, पाया नका पडू. हात द्या, सोनूशी बोला." काकाजी म्हणत, "आमच्यानं कुठं होते ते, तुम्ही देवी आहा." आणि घरी जात. रोज हेच. एकदा मला म्हणाल्या, "तुमच्या गावाची मोठी गंमत आहे, भाऊ. आधी माहा हात नको होता, आता पाय पाहिजेत. मधलं काही जमतच नाई का तुम्हाले? आणि देवी म्हटलं का बरं असते. जे देवीनं करायचं ते माणसानं काऊन करावं?"

स्टेजवर मीच दर कार्यक्रमात कोणाला ना कोणाला देव करून ठेवतो.

मग ती भानगड झाली. बाईंचे वडील पुलगावला आजारी पडले आणि बाईंना अचानक जावं लागलं. मी तेव्हा तळेगावला एका लग्नाचा मंडप घालून बसलो होतो. परत आल्यावर तंदूरवाल्यानं सगळं सांगितलं. दोन दिवस सोनू ओट्यावर स्कूटीच्या धक्क्याची वाट पाहत बसली. तिसऱ्या दिवशी जी रडायला लागली, ती थांबेना. जेवण नाही, पाणी नाही, जवळ येईल त्याला ओरबाडणं. तेव्हा मोठ्या आईनं काय केलं? आपण सगळे रडणाऱ्या लेकराला करतो तेच. बाबा येतील, मामा येतील, उगी. तिनं सोनूच्या करंगळीत करंगळी अडकवली. बाई येऊन राह्यल्या.

सोनू एकदम गप्प झाली. नाक पुसून ओट्यावर जाऊन बसली आणि दोन घास खाल्ले. मोठ्या आईला हुकमी औषध सापडलं. ते तिनं वैशालीला सांगितलं, वैशालीनं देविदासला. आंघोळीला येत नाही? अडकव करंगळी. केस विंचरू देत नाही? अडकव. बाई येऊन राह्यल्या, बाई येऊन राह्यल्या. सगळे दयाळू, सगळ्यांना तिचं रडणं पाहवत नव्हतं. तंदूरवाला सांगत होता, "चार-पाच दिवस मस्त चाललं, भाऊ. मंग एक दिवस तिनं मूठ बंद केली."

बाई परत आल्या तेव्हा मी हजर होतो. स्कूटीचं चाक पायरीला टेकलं. सोनू ओट्यावरच होती, हलली नाही. बाईंनी हाताखाली हात ठेवला. वर मूठ. बाईंनी करंगळी मुठीवर फिरवली, ती खरी, वाकडी करंगळी, जगात तशी दुसरी नसेल. मूठ आणखी घट्ट झाली आणि पोरीनं तोंड फिरवलं. बाईंनी आपला हात तसाच खाली राहू दिला. मग त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा असा मी आधी पाहिला नव्हता. ओठाची कड उचललेली नव्हती.

"काय केलं तुम्ही?"

वैशालीनं देविदासकडे पाहिलं, देविदासनं तंदूरवाल्याकडे. शेवटी मोठी आई म्हणाली, "लेकराले चूप करासाठी म्हनतेच ना माणूस. येऊन राह्यली म्हनून. समद्याच घरी म्हनतेत."

"म्हणतात. ज्या लेकराले दिसते त्याले दरवाजा दिसते. मामा नाई आला त त्याले समजते का हे लोक थापा मारतात, आणि ते हसून सोडून देते. त्याच्याजवळ पाहायले सगळं जग आहे. हिच्याजवळ काय आहे, मोठी आई? हे पाच बोटं. सूर्य उगवला का नाई ते बी तुम्ही सांगान तवा तिले समजते. त्याच्यात तुम्ही खोटं भरलं. आता तिनं कशावर भरोसा ठेवायचा?"

मोठ्या आईनं पदर तोंडाला लावला. बाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "रडू नका. तिले दिसत नाई."

त्यानंतर त्यांनी धाब्यावर जो कायदा लावला, तो आठवला की अजून मजा वाटते. सोनूच्या हातावर जे म्हणाल ते झालंच पाहिजे, तिथल्या तिथे. रोटी म्हटलं की रोटी. नसेल द्यायची तर म्हणायचं नाही. आता धाबा ही जागाच मुळात खोटं बोलण्यावर चालते. पाच मिनिटात आणतो, भाजी ताजी आहे, दूध आत्ताच आलं. देविदास तर झोपेतही "बस, निघालीच तुमची प्लेट" म्हणायचा. त्या माणसाला एका पोरीपुरतं खरं बोलायचं म्हणजे काय यातना झाल्या असतील विचारा. एकदा त्यानं तिला पाणी म्हटलं आणि तेवढ्यात एक लग्नाची बस येऊन उभी राहिली. बाईंनी नुसती मान वळवली. देविदास अख्खं वऱ्हाड उभं ठेवून गडवा घेऊन धावला. वऱ्हाडातले म्हणाले, मालक कुठं गेला? मी म्हटलं, खरं बोलायला गेला, येईल इतक्यात.

मूठ उघडली, पण सगळ्यांसाठी नाही. आधी बाईंसाठी, मग वैशालीसाठी, मग देविदाससाठी. मोठ्या आईचा घट्टा लागला की मात्र पुन्हा बंद. खोटं कोणापासून सुरू झालं ते सोनूला पक्कं ठाऊक होतं. मोठी आई रोज तिला रोटी देई, रोज थापट्या मारून आधी सांगे. सोनू बंद मुठीवर थापट्या घेई, दुसऱ्या हातानं रोटी घेई, आणि मूठ काही उघडत नसे. धाब्याला धाकात ठेवणारी ती बाई कांदा चिरण्याचं निमित्त करून आत जायची.

पुढे बाईंना कोकणातल्या एका शाळेत कायमची नोकरी लागली. गावानं लगेच दोन गोष्टी केल्या. पगारासाठी पोरीला सोडून चालली, असं पाठीमागे म्हणून घेतलं. आणि पुढून सत्काराची तयारी सुरू केली. बाईंना दोन्ही कळलं. "देवीले पगार लागत नाई, भाऊ," मला म्हणाल्या, "मले लागते." सत्काराला त्यांनी एकच अट घातली. "तोवर सोनूले सांगा, बाई जाऊन राह्यल्या. येणार नाई."

वैशाली म्हणाली, "तुम्हीच सांगा ना जी."

"मी सांगितलं त तिले काय वाटन? खरं बोलणारी एकच होती, ते बी गेली. जे इथं राहणार आहेत त्यायनं सांगायले पायजे."

आठवडाभर सगळ्यांनी ते काम एकमेकांकडे ढकललं. आज तिला सर्दी आहे, आज अमावस्या आहे, उद्या पाहू. दयाळू माणसांना उद्या फार आवडतो.

सत्काराचा दिवस आला. धाब्याच्या अंगणात माझाच मंडप, माझाच लाल गालिचा. मागे बॅनर: बाईंचा फोटो, डोक्याभोवती किरणं, खाली "दिव्यांगांची देवी". पाहुणे म्हणून माजी सभापती. हे गृहस्थ माजी झाल्यापासून माईक सोडत नाहीत. बाई आल्या, चाक पायरीला टेकलं, सोनू हसत पुढे झाली आणि तिनं करंगळी अडकवली. बाईंनी बॅनरकडे पाहिलं. "हं." मग देविदासला विचारलं, "सांगितलं?"

देविदास मिशा चाचपू लागला. बाई सोनूजवळ बाजेवर बसल्या. "कोणी सांगतपर्यंत मी स्टेजवर येत नाई."

खुर्च्यांवर गाव बसलेलं, हारतुरे ताटात सुकायला लागलेले. वैशालीनं डोळ्याला पदर लावला. सभापती जवळ आले आणि मोठ्या समजुतीच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा लेकराला कशाला दुखवायचं? दोन-चार दिवस म्हणू की, येत आहेत. हळूहळू विसरेल."

बाईंनी त्यांना "हं"सुद्धा दिलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मोठी आई आली. हात धुतलेले, पदराला पुसलेले. बाजेपाशी खाली बसली. "मी सांगतो," म्हणाली. आमच्याकडे जुन्या बायका असंच म्हणतात. तिनं सोनूच्या हाताखाली हात ठेवला. घट्टा लागला, मूठ मिटली. बाईंनी सोनूच्या मनगटावर हळूच दोनदा टिचकी मारली, म्हणजे, ऐक. फार वेळानं, फार नाराजीनं मूठ थोडी सैल झाली. मोठ्या आईनं करंगळी अडकवली. बाई. मग तळव्यानं तिचा तळवा पुसला. संपल्या.

सोनूनं दुसरा हात बाजूला नेला, चाचपला आणि बाईंची वाकडी करंगळी सापडली. इथंच तर आहेत. तिनं मोठ्या आईचा हात झटकून दिला आणि मूठ गच्च मिटली.

"पाहा," मोठी आई म्हणाली, "मी पुन्हा खोटी पडली."

"नाई पडणार," बाई म्हणाल्या.

त्यांनी सोनूची करंगळी एकदा घट्ट धरली आणि सोडली. पर्स उचलली. स्कूटीची चावी हातात घेतली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आडवा गेलो.

"बाई, पाच मिनिटं. फक्त शाल घ्या, मंग जा."

"तुमच्या पाच मिनिटापायी मोठ्या आईचा शब्द खोटा पडन, भाऊ. सरका."

मी सरकलो. बाजेवरून उतरून ओट्याला हात लावून बसलेल्या सोनूला स्कूटी सुरू झाल्याचं कळलं असेल, लांब गेल्याचंही. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. हायवेला लागताना त्यांनी बाहीनं तोंड पुसलं एवढं दिसलं. धूळ फार होती.

कार्यक्रम झाला. आमच्या गावात सत्कारमूर्तीवाचून सत्कार अडत नाही. सभापतींनी शाल रिकाम्या खुर्चीला पांघरली, श्रीफळ खुर्चीवर ठेवलं आणि त्याग या विषयावर बोलायला सुरुवात केली. मी मागे जाऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, चालू भाषणाची वायर काढली. बराच वेळ कोणाच्या लक्षात आलं नाही. सभापतींच्या तर शेवटपर्यंत नाही.

ऊन उतरलं, खुर्च्या रिकाम्या झाल्या. सोनू ओट्यावरच, तळपाय पायरीला टेकवून. ट्रक जात-येत होते, पायरीला धक्का काही लागत नव्हता. ती रडायला लागली, आधी हळू, मग अंग आपटून. वैशालीला ते बघवेना. ती धावली, आणि तिची करंगळी आपोआप पुढे झाली. मोठ्या आईनं तिच्या हातावर अशी चापट मारली की बांगडी फुटली. "हात लावशीन त पाहाच," म्हणाली. आणि स्वतः सोनूपासून हातभर अंतरावर ओट्यावर बसून राहिली. आता तीही कडी वाजवल्याशिवाय आत जाणार नव्हती.

अंधारायच्या सुमाराला रडणं थांबलं. सोनूनं ओटा चाचपत हात पुढे आणला, तिला मोठ्या आईचा गुडघा लागला, मग हात, मग अंगठ्याचा घट्टा. तिनं तो घासून पाहिला. मग तिनं मूठ उघडली, करंगळी त्या कांद्याच्या वासाच्या करंगळीत अडकवली, आणि तळव्यानं तळवा पुसला. बाई संपल्या. मोठ्या आईनं तिच्या हातावर तसंच्या तसं परत सांगितलं. हो. बाई संपल्या. मग तिनं थापट्या मारल्या, आणि तंदूरवाला न सांगता रोटी घेऊन आला.

आठवड्यानं मोठ्या आईच्या मोबाईलवर फोन आला. तिनं स्पीकर लावला, कारण तिला दुसरं बटण येत नाही. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"मूठ?"

"उघडी हाये," मोठी आई म्हणाली.

"हं," असं ऐकू आलं, आणि फोन बंद झाला. तेच अक्षर, तोच आवाज. पण हे "हं" मी आधी ऐकलेलं नव्हतं.